हसणे सुंदर करताना : दातांच्या सौंदर्योपचारांची निवड

हसताना वरचे सहा ते दहा दात, त्यांच्याभोवतीची हिरडी आणि या सगळ्याला चौकट देणारे ओठ एकत्र दिसतात. या तिन्हींचा मेळ जमला की हसणे प्रसन्न वाटते. कुठे तरी तो बिघडला की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. तक्रारी तशा मोजक्याच असतात. दात पिवळे किंवा डागाळलेले असतात. कोपरा तुटलेला, कड झिजलेली किंवा दात खुजा असतो. दात वेडेवाकडे किंवा विरळ असतात. नाही तर हसताना हिरडी फार दिसते. रंग, आकार, जागा आणि हिरडी असे हे चार प्रश्न. प्रत्येकावर एकाहून अधिक उपचार आहेत आणि उपचार संपल्याच्या दिवशी आरशात त्यांपैकी बहुतेकांचा परिणाम चांगलाच दिसतो. फरक असतो तो त्यासाठी मूळ दाताचा किती भाग कायमचा गमवावा लागला यात. निवड करताना हा फरक सर्वांत आधी पाहायला हवा.

दाताची घडण

दाताचा दिसणारा भाग दोन थरांचा असतो. बाहेर एनॅमल आणि त्याखाली डेंटिन. त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा असतो. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे आणि मानवी शरीरातला तो सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण त्याची एक मोठी मर्यादा आहे. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात तोंडात उगवेपर्यंत नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. झिजलेले किंवा घासून काढलेले एनॅमल मात्र पुन्हा तयार होत नाही. लाळेतली खनिजे त्याची सुरुवातीची सूक्ष्म हानी भरून काढतात, गेलेली जाडी परत आणू शकत नाहीत. समोरच्या दातांवर तर हा थर फारच पातळ असतो. हिरडीजवळ तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरतो आणि कडेकडे साधारण एक मिलिमीटरपर्यंत जातो.

दाताचा रंगही या दोन थरांवरच ठरतो. एनॅमल अर्धपारदर्शक असते, त्यामुळे खालच्या डेंटिनचा पिवळसरपणा त्यातून दिसतो. वय वाढते तसे एनॅमल झिजून पातळ होते, आतले डेंटिन जाड होते आणि दात आणखी पिवळे दिसू लागतात. हा आजार नाही. दंतवैद्य दाताची छटा जुळवण्यासाठी ज्या पट्ट्या वापरतात, त्यांपैकी सर्वाधिक परिचित असलेली व्हिटा क्लासिकल ही पट्टी १९५६ पासून वापरात आहे. तिच्यात १६ छटा आहेत आणि त्यांच्यात तांबूस, पिवळसर, करडी अशी नैसर्गिक दातांत आढळणारी झाक सामावलेली आहे. कागदासारखा पांढराशुभ्र दात या पट्टीत कुठेच नाही, कारण निसर्गात तो जवळपास आढळत नाही.

डेंटिनबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यात गाभ्याकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. एनॅमलचे कवच गेले की गार, गरम, आंबट यांची कळ या नलिकांतून थेट आत पोचते. शिवाय दातावर चिकटवले जाणारे कोणतेही साहित्य एनॅमलवर घट्ट आणि दीर्घकाळ बसते. डेंटिनवर त्याची पकड तुलनेने कमी भरवशाची असते. म्हणून एनॅमल राखणे हा सौंदर्योपचारांचाही पाया आहे.

आधी सफाई

कीड, सुजलेली हिरडी, हलणारे दात यांवरचा उपचार आधी आणि सौंदर्याचा विचार नंतर, हा क्रम बदलता येत नाही. हिरड्यांतून रक्त येत असताना केलेले नाजूक काम नीट चिकटत नाही आणि सूज उतरल्यावर हिरडीची कड सरकली की ते उघडे पडते.

पुष्कळदा पहिल्या सफाईतच अर्धा प्रश्न सुटतो. चहा, कॉफी, पानातला कात, तंबाखू आणि मशेरी यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. जंतूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की त्यात खनिजे साचून त्याचे कीटण होते आणि ते ब्रशने निघत नाही. दवाखान्यात ध्वनिलहरींवर चालणाऱ्या उपकरणाने कीटण सुटे करतात आणि मग दात गुळगुळीत करतात. या सफाईने दात हलतात किंवा त्यांच्यात फटी पडतात, असा समज घरोघरी आढळतो. प्रत्यक्षात कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खचलेले असते. कीटणाने भरलेली पोकळी रिकामी झाल्यावर ती नजरेला दिसते, इतकेच. कीटण तसेच ठेवले तर हाडाची झीज चालूच राहते.

रंगाचा प्रश्न

सफाईनंतरही दात गडद दिसत असतील तर रंग दाताच्या आत आहे. अशा वेळी ब्लीचिंगचा विचार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्याच्यात रूपांतरित होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड एनॅमलमधून आत शिरते आणि तिथल्या रंगीत रेणूंचे विघटन करते. दात घासावा लागत नाही, हा या उपचाराचा सर्वांत मोठा गुण.

ब्लीचिंग दोन तऱ्हांनी होते. घरी करायच्या पद्धतीत रुग्णाच्या दातांच्या मापाचा पातळ साचा बनवतात. त्यात जेल भरून तो रोज काही तास किंवा रात्रभर घालायचा आणि हे दोन ते चार आठवडे चालते. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तिच्यात वापरले जाणारे १० टक्क्यांचे कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यातल्या पद्धतीत २५ ते ४० टक्क्यांचे तीव्र द्रव्य हिरड्या झाकून एका बैठकीत लावतात. परिणाम लगेच दिसतो, पण त्या दिवशीची चकाकी काही अंशी दात कोरडे पडल्यामुळे असते आणि दोन-चार दिवसांत रंग थोडा उतरतो. लग्न आठवड्यावर आले असेल तर दवाखान्यातली पद्धत सोयीची. हाताशी महिनाभर असेल तर घरची सौम्य पद्धत तितकाच चांगला रंग देते आणि दातांना कळही कमी आणते.

काही दिवस दात आंबल्यासारखे वाटणे हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. तो बहुधा आपोआप थांबतो. परिणाम कायमचा नसतो. सवयींनुसार एक ते तीन वर्षांत रंग पुन्हा गडद होऊ लागतो. फिलिंग आणि दातावर बसवलेली कॅप किंवा व्हेनिअर यांसारखी आवरणे यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. म्हणून नवे फिलिंग किंवा कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग करून घेणे आणि मग उजळलेल्या रंगाशी ती जुळवणे शहाणपणाचे. मध्ये दोनेक आठवडे थांबावे लागते, कारण दातात उरलेला ऑक्सिजन चिकटवण्याच्या द्रव्याची पकड कमी करतो. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हा उपचार पुढे ढकलतात. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यांमार्फत आणि १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच वापरता येतात.

घरगुती उपायांबाबत सावध राहायला हवे. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो. लिंबू चोळल्यावर दात क्षणभर स्वच्छ वाटतो, पण त्याचा वरचा थर मऊ पडलेला असतो. त्यावर लगेच ब्रश फिरवला की तो थर निघूनच जातो. कोळशाची पूड आणि भरड मंजने पृष्ठभागावरचे डाग खरवडतात, त्याबरोबर एनॅमलही खरवडतात. एनॅमल पातळ झाल्यावर खालचे पिवळे डेंटिन आणखी उठून दिसते, म्हणजे उजळपणासाठी केलेली मेहनत उलटी फळते.

काही डागांची कारणे बालपणात असतात. फ्लोरोसिस हे त्यांतले भारतातले मोठे कारण. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये आलेल्या फ्रेडरिक मकाय या दंतवैद्याला तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्या डागांचे मूळ पाण्यातल्या फ्लोराइडमध्ये आहे, हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात हे प्रमाण जास्त आहे. दात जबड्यात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग पडतात. मोठेपणी तेच पाणी प्यायल्याने दातांवर हे डाग उमटत नाहीत.

फ्लोरोसिसच्या डागांसाठी सरसकट कॅप बसवण्याची गरज नसते. सौम्य डाग ब्लीचिंगने आजूबाजूच्या रंगात मिसळतात. वरवरचे तपकिरी डाग सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांच्या मिश्रणाने हलके घासून काढता येतात. त्यात एनॅमलचा सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटर थर जातो. पांढऱ्या डागांवर रेझिन मुरवण्याची पद्धत उपयोगी पडते. डागाच्या जागी एनॅमल सच्छिद्र असते. त्या छिद्रांतल्या हवेत आणि पाण्यात प्रकाश विखुरतो, म्हणून डाग पांढरा दिसतो. प्रकाशाचे वक्रीभवन जवळपास एनॅमलइतकेच करणारे पातळ रेझिन छिद्रांत मुरले की विखुरणे थांबते आणि डाग पुसट होतो. दातावर खड्डे पडले असतील तरच कॉम्पोझिट या दाताच्या रंगाच्या भरावाकडे किंवा व्हेनिअरकडे वळावे लागते.

टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला किंवा आठ वर्षांच्या आत मुलाला दिले गेले, तर दातांत करडे-तपकिरी पट्टे उतरतात. हे डाग चिवट असतात. त्यांना ब्लीचिंगचे काही आठवडे पुरत नाहीत. तीन ते सहा महिने चिकाटीने उपचार करावा लागतो.

मार लागून एकच दात काळपट झाला असेल तर प्रश्न वेगळा. आतला गाभा मृत झालेला असल्यास आधी रूट कॅनल करतात आणि मग दाताच्या मागच्या बाजूने आत पांढरे करणारे औषध ठेवून काही दिवस ते बंद करतात. दोन-तीन वेळा औषध बदलल्यावर दात आपल्या शेजाऱ्यांसारखा दिसू लागतो. त्याची पुढची बाजू शाबूत राहते.

आकाराचा प्रश्न

तुटलेला कोपरा, दोन दातांमधली बारीक फट, निमुळता दात यांसाठी पहिला विचार कॉम्पोझिट बाँडिंगचा. ही पद्धत शक्य झाली ती मायकेल बुओनोकोर या अमेरिकी संशोधकामुळे. फॉस्फोरिक आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केला की रेझिन त्यात घट्ट रुतते, हे त्यांनी १९५५ मध्ये दाखवले. आज दंतवैद्य दाताच्या रंगाची मऊ कॉम्पोझिट थराथराने लावतात, हाताने आकार देतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. बहुतेक वेळा दात घासावा लागत नाही, भूल लागत नाही आणि काम एका बैठकीत होते. कॉम्पोझिट साधारण पाच ते सात वर्षे चांगली राहते, काळजी घेतल्यास अधिकही. तिचा टवका उडाला तर तेवढाच भाग भरता येतो. उणे बाजू अशी, की ती पोर्सिलेनपेक्षा लवकर झिजते आणि रंग शोषते. हळदीचा डाग तिच्यावर फार पटकन चढतो, त्यामुळे रोजच्या मराठी जेवणात तिला वर्षा-दोन वर्षांनी पॉलिश करून घ्यावे लागते. कामाचा दर्जाही दंतवैद्याच्या हातावर फार अवलंबून असतो.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवलेली पोर्सिलेनची पातळ पापडी. तिची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर असते. १९३० च्या सुमारास हॉलिवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस चित्रपटातल्या नटांच्या दातांवर अशा पापड्या चित्रीकरणापुरत्या चिकटवत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची आतली बाजू आम्लाने खरखरीत करण्याचे तंत्र आले आणि व्हेनिअर कायम बसू लागले. पोर्सिलेन नैसर्गिक एनॅमलसारखा प्रकाश परतवते, चहा-कॉफी-हळदीने डागाळत नाही आणि चांगल्या कामात दहा ते पंधरा वर्षे सहज टिकते.

त्यासाठी द्यावी लागणारी किंमत पैशाइतकीच दातातही असते. पापडी बसल्यावर दात जाडजूड दिसू नये म्हणून पुढचा तितकाच थर घासून काढावा लागतो. दात मुळातच लहान किंवा आत झुकलेले असतील तर न घासताही व्हेनिअर बसवता येतात, पण असे रुग्ण कमी. एकदा घासलेल्या दातावर जन्मभर काही ना काही आवरण ठेवावेच लागते. पंचविसाव्या वर्षी बसवलेला व्हेनिअर पंधरा वर्षे टिकला, तरी चाळिसाव्या, पंचावन्नाव्या आणि सत्तराव्या वर्षी तो बदलावा लागणार, आणि प्रत्येक वेळी दाताचा आणखी थोडा भाग जाणार. झोपेत दात खाण्याची सवय, फार वेडेवाकडे दात किंवा पुढच्या बाजूला उरलेले अपुरे एनॅमल या परिस्थितीत व्हेनिअर सहसा टाळतात.

कॅप ही दाताला चहूबाजूंनी झाकणारी टोपी. तिच्यासाठी दात सगळीकडून कोरून खुंटासारखा करावा लागतो. समोरच्या दातांवर झालेल्या एका परिचित अभ्यासात, व्हेनिअरसाठी दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के, असे मोजमाप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. इतके कोरल्यावर गाभ्याला इजा होण्याचा धोका असतो आणि काही दातांना पुढे रूट कॅनल करावे लागते. रूट कॅनल झालेला ठिसूळ दात, मोठा तुटलेला दात, जुन्या फिलिंगने पोखरलेला दात यांना कॅप खरोखर वाचवते. तिथे तीच योग्य. निरोगी दात केवळ पांढरा किंवा सरळ दिसावा म्हणून कॅप बसवणे हा मात्र मोठा तोटा आहे. स्वस्त उपचारासाठी ब्रिटनमधून तुर्कस्तानात गेलेल्या अनेक तरुणांनी व्हेनिअर समजून दहा-वीस निरोगी दातांवर कॅप बसवून घेतल्या. ‘टर्की टीथ’ हे नाव त्यातूनच पडले आणि ब्रिटिश दंतवैद्यांच्या संघटनेने त्याबद्दल जाहीर इशारे दिले. उपचार सुरू होण्यापूर्वी ‘व्हेनिअर की कॅप’ हे स्पष्ट विचारून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

जागेचा प्रश्न

एकावर एक चढलेले, पुढे आलेले किंवा विरळ दात त्यांच्या योग्य जागी नेणे हे ऑर्थोडॉन्टिक उपचाराचे काम. दात हाडात गाडलेला नसतो. एका पातळ तंतुमय पडद्याने तो हाडाशी बांधलेला असतो. दातावर हलका, सतत दाब पडला की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते. दात अशा रीतीने महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच या उपचाराला बहुधा एक ते दोन वर्षे लागतात, पण दात मात्र जसाच्या तसा राहतो.

तारांचे ब्रेसेस दातांना चिकटवलेले असल्यामुळे रुग्णाने विसरून चालते, आणि अवघड हालचालींसाठी ते अधिक खात्रीचे आहेत. अलाइनर म्हणजे पारदर्शक साच्यांची मालिका. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘इन्व्हिसलाइन’ या नावाने ती लोकप्रिय केली. प्रत्येक साचा दाताला पाव मिलिमीटरच्या आसपास हलवतो. तो दिवसातून २० ते २२ तास घातला तरच काम होते. खाताना काढता येतो, म्हणून ब्रश करणे सोपे जाते. पण वारंवार काढून ठेवणाऱ्याच्या दातांची प्रगती खुंटते. ब्रेसेसमध्ये ब्रश नीट झाला नाही तर कड्यांभोवती पांढरे डाग पडतात, याचीही जाणीव हवी.

वयाची अट नाही. हिरडी आणि हाड निरोगी असेल तर पन्नाशीतही दात सरकतात. जबड्याच्या ठेवणीतच दोष असेल तर मात्र तो वाढीच्या वयात सुधारणे सोपे, म्हणून सात वर्षांच्या सुमारास मुलांची एक तपासणी करून घेण्याची शिफारस केली जाते. उपचार संपल्यावर दातांचा कल जुन्या जागी परतण्याकडे असतो. रात्री घालायचा रिटेनर बरीच वर्षे वापरणे हा उपचाराचाच भाग आहे.

हिरडीचा आणि रिकाम्या जागेचा प्रश्न

हसताना तीन-चार मिलिमीटरहून जास्त हिरडी दिसली तर अनेकांना ती खटकते. उपाय कारणानुसार बदलतो. हिरडी दातावर जास्त उतरलेली असेल तर तिची कड कापून किंवा लेसरने वर घेतात. हाड आणि हिरडीची कड यांत साधारण तीन मिलिमीटर अंतर राखावे लागते; ते राखले नाही तर हिरडी सुजते किंवा पुन्हा खाली उतरते. सूज कीटणामुळे किंवा फिट्स, रक्तदाब यांच्यावरच्या काही औषधांमुळे असेल तर आधी ते कारण हाताळायचे. वरचा ओठ जास्त उचलला जात असेल तर बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात, पण त्याचा परिणाम तीन-चार महिनेच टिकतो. वरचा जबडाच लांब असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

भारतीयांच्या हिरड्या पुष्कळदा काळसर असतात. तो मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्याच द्रव्याचा परिणाम आहे आणि तो पूर्णपणे निरोगी आहे. लेसरने हा रंग काढता येतो, पण तो काही महिन्यांत किंवा वर्षांत परत येऊ शकतो.

समोरचा दातच नसेल तर बाकीचे उपचार थांबतात आणि जागा भरण्यासाठी ब्रिज किंवा इम्प्लांट यांतला पर्याय निवडावा लागतो. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात कॅपसाठी कोरतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर तो वापरला. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत तीन ते सहा महिने जातात, पण शेजारचे दात अबाधित राहतात. अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट बसवत नाहीत. तोवर शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला ब्रिज चांगला आधार देतो.

निवड कशी करावी

एकाच तक्रारीवर वेगवेगळे उपचार कसे लागू पडतात हे समोरच्या दोन पटाशीच्या दातांमधल्या फटीवरून समजते. फट एक-दोन मिलिमीटरची आणि बाकीचे दात ठीक असतील तर दोन्ही दातांच्या कडांना कॉम्पोझिट लावून ती एका बैठकीत बुजते. फट मोठी असेल तर असे केल्याने दोन्ही दात रुंद आणि बेढब दिसतात; तिथे ते सरकवणे बरे. वरच्या ओठापासून हिरडीकडे येणारा जाड पडदा दोन दातांच्या मधोमध उतरलेला असेल तर तो सोडवावा लागतो, नाहीतर फट पुन्हा पडते. वय वाढल्यावर अचानक फट पडली असेल तर ती हिरड्यांच्या आजाराची खूण असू शकते आणि तिथे सौंदर्योपचार आधी करणे चूक ठरते. दातांचा रंगही फार गडद असेल आणि कडा झिजलेल्या असतील, तेव्हा व्हेनिअरचा पर्याय विचारात येतो.

अनेक तक्रारी एकत्र असल्या की क्रम महत्त्वाचा: आधी सरळ, मग उजळ, मग भर. दात आधी आपापल्या जागी आणायचे, नंतर ब्लीचिंग करायचे आणि शेवटी तुटलेल्या कडा कॉम्पोझिटने भरायच्या. या क्रमाने गेल्यावर व्हेनिअरची गरज पुष्कळदा उरतच नाही. उलट वेडेवाकडे दात घासून वरून सरळ दिसणाऱ्या पापड्या बसवल्या की दोन वर्षांचे काम दोन आठवड्यांत होते, पण त्यासाठी निरोगी एनॅमल खर्ची पडते.

परिणाम आधी पाहता येतो. छायाचित्रे आणि दातांचे माप घेऊन मेणाचा नमुना तयार करतात आणि त्यावरून तात्पुरते रेझिन थेट तोंडात लावून दाखवतात. रुग्णाने त्याच्यासह बोलावे, हसावे आणि घरच्यांना दाखवावे. रंग ठरवताना नैसर्गिक उजेडात पाहावे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाहून दात पांढरे असले की ते कृत्रिम दिसतात. पुढचे दोन दात रुंदीने उंचीच्या ७५ ते ८० टक्के असले की डोळ्याला प्रमाणबद्ध वाटतात, पण हा कल आहे, कायदा नाही.

खर्चाचा हिशेब एका दिवसाचा करू नये. ब्लीचिंग आणि कॉम्पोझिट स्वस्त, पण त्यांची डागडुजी वारंवार लागते. व्हेनिअर महाग आणि दर दातामागे मोजावे लागणारे, शिवाय काही वर्षांनी पूर्ण बदलावे लागणारे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे अनेक उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. वेळ मात्र जास्त लागतो.

भारतात दंतवैद्यकीची पदव्युत्तर पदवी नऊ शाखांत दिली जाते आणि कॉस्मेटिक दंतवैद्यक ही त्यांतली स्वतंत्र शाखा नाही. दात सरकवण्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट, कॅप-व्हेनिअर-ब्रिजसाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट, फिलिंग आणि रूट कॅनलसाठी एंडोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट असे तज्ज्ञ असतात. सामान्य बीडीएस दंतवैद्य यांतली अनेक कामे उत्तम करतात. त्यांची दंत परिषदेकडे नोंदणी असणे कायद्याने बंधनकारक आहे. सौंदर्यप्रसाधन केंद्रात नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून ब्लीचिंग करून घेणे टाळावे.

उपचाराला होकार देण्यापूर्वी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: दाताचा किती भाग काढला जाईल, तोच परिणाम दात न घासता मिळेल का, काम किती वर्षे टिकेल, बिघडले तर दुरुस्ती कशी होईल, आणि काहीच केले नाही तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच होणार नाही’ असे असेल, तर निर्णयाची घाई नाही. इतरांच्या नजरेलाही न येणाऱ्या दोषाने एखादी व्यक्ती सतत अस्वस्थ राहत असेल किंवा एकामागून एक उपचार करूनही समाधान होत नसेल, तर दाताला हात लावण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणे अधिक हिताचे.

निवड कोणतीही असो, ती टिकते देखभालीवर. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासणे, दातांमधल्या फटी स्वच्छ ठेवणे, तंबाखू-मशेरी सोडणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे हे सगळ्यांना लागू आहे. झोपेत दात खाणाऱ्याने रात्री संरक्षक साचा घालावा, तारा काढलेल्याने रिटेनर सोडू नये. व्हेनिअर किंवा कॉम्पोझिट लावलेल्या दातांनी सुपारी फोडणे, ऊस सोलणे, बाटलीचे झाकण उघडणे टाळावे.